अडेल शब्दापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रोज 'समान दुवा शोधा' प्रकारचं कोडं सोडवता, कधी तीन शब्दांचं, कधी सोळा शब्दांच्या चौकटीचं. शब्द सगळे ओळखीचे असतात, तरी मध्येच अडकायला होतं. उत्तर पाहिलं की 'हे तर मला ठाऊक होतं' अशी चुटपुट लागते. शब्दसंग्रह वाढवायला हवा का, अंदाजाने गट टाकून पाहावेत का, आणि उत्तर कधी पाहावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी ही कोडी बरीच वर्षं सोडवते आहे आणि अलीकडे रचतेही. तुमचा शब्दसंग्रह कमी पडतो असं मला वाटत नाही. उत्तर पाहताच ते पटतं, याचा अर्थ तो शब्द तुमच्याकडे होता. फक्त वेळेवर हाताला लागला नाही. अडचण आहे ती सुरुवात कुठून करता यात. बहुतेक जण सर्वांत बोलक्या शब्दापासून सुरुवात करतात. मी सर्वांत अडेल शब्दापासून करते. एवढा एक बदल केलात तरी फरक जाणवेल. बाकी जे सांगणार आहे ते याच्याच आधाराने.

हे तीन शब्द घ्या:

हंस, मार्ग, योग

तिघांनाही जोडता येईल असा एक शब्द हवा. 'मार्ग' आणि 'योग' वाचताच मनात रांग लागते: ज्ञानमार्ग-ज्ञानयोग, कर्ममार्ग-कर्मयोग, भक्तिमार्ग-भक्तियोग. तीन-तीन जोड्या, सगळ्या बिनचूक. म्हणून मन तिथेच रमतं आणि बिचाऱ्या हंसाला कुठेतरी कोंबायला बघतं. 'ज्ञानहंस' असं काही असतं का, कुठे वाचलंय का, असा शोध सुरू होतो. तो शोध वाया जाणार, कारण मराठीत हंसाच्या आधी येणारे सरावातले शब्द फार थोडे: राजहंस, परमहंस. झालं. आता उलट जा. 'परममार्ग' कानाला खटकतो. 'राजमार्ग' चालतो, 'राजयोग'ही चालतो. दुवा 'राज'.

या कोड्यात हंस हा अडेल शब्द. त्याला सोयरे कमी, आणि तेच आपल्या फायद्याचं. ज्या शब्दाला पन्नास सोयरे आहेत त्याच्यापासून निघालात तर पन्नास वाटा तपासाव्या लागतात. ज्याला दोन आहेत त्याच्या दोनच तपासून निकाल लागतो. हे माहीत असूनही आपण बोलक्या शब्दाकडेच वळतो, कारण तिथे लगेच काहीतरी सुचतं आणि सुचणं म्हणजे प्रगती असं वाटतं. तीनपैकी दोन शब्द जुळले की तर खात्रीच पटते. मी मात्र दोन जुळले की सावध होते. तीन शब्दांच्या कोड्यात दोन जुळवणं सोपंच असतं. तिसऱ्यावरच सगळी परीक्षा असते.

अडेल शब्द ओळखायचा कसा? शब्द ओळीने वाचताना ज्याच्यावरून नजर घसरते, ज्याच्यापाशी मन थांबत नाही, तो. शंका असेल तर प्रत्येक शब्दाला दहा सेकंद द्या आणि तो कुठल्या जोडशब्दात, कुठल्या वाक्प्रचारात येतो ते मोजा. सर्वांत कमी मोजणी ज्याची, त्याचं बोट धरा.

आता याच्या अगदी उलट टोकाचा शब्द पाहा: नाटक. रचणाऱ्याला हा शब्द फार आवडतो.

नदी, भांडं, नाटक
मासिक, मांडी, नाटक
कान, खिडकी, नाटक
व्याकरण, विज्ञान, नाटक

पहिल्यात दुवा 'पात्र': नदीचं पात्र, भांडं म्हणजे पात्र, नाटकातलं पात्र. दुसऱ्यात 'अंक': मासिकाचा अंक, अंक म्हणजे मांडी, नाटकाचा अंक. तिसऱ्यात 'पडदा'. चौथ्यात 'प्रयोग': व्याकरणातला कर्तरी-कर्मणी, प्रयोगशाळेतला आणि रंगमंचावरचा. 'नाटक' चारही ठिकाणी तेच आहे, पण त्याच्यावरून काहीच कळत नाही. ते सगळ्यांशी जुळतं, म्हणून कुणाचाच पत्ता देत नाही. पत्ता देतात मांडी, कान, नदी आणि व्याकरण. नाटकापासून सुरुवात केलीत तर कलाकार, रंगमंच, लेखक, तिकीट, टाळ्या असे सगळे येऊन जातील आणि 'अंक' येईलच याची खात्री नाही. मांडीपासून निघालात तर 'मांडीला जुना, ग्रंथातला शब्द कोणता' एवढाच प्रश्न उरतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सार्नॉफ मेडनिक यांनी १९६२ साली सर्जनशीलतेबद्दल एक सिद्धांत मांडला. एकमेकांपासून दूर असलेल्या कल्पना जोडता येणं हे सर्जनशील विचाराचं मूळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मोजण्यासाठी त्यांनी जी चाचणी तयार केली ती हीच: तीन शब्द द्यायचे, चौथा जोडणारा शोधायला सांगायचा. म्हणजे आज आपण करमणूक म्हणून जे करतो त्याची मांडणी साठ वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत होती. या चाचणीवर पुढे पुष्कळ काम झालं. त्यातल्या दोन गोष्टी सोडवणाऱ्याच्या थेट उपयोगाच्या आहेत.

पहिली, चुकीच्या उत्तराची चिकाटी. स्मिथ आणि ब्लँकेन्शिप या संशोधकांनी १९९१ साली काही जणांना अशी कोडी देताना सोबत मुद्दाम दिशाभूल करणारे शब्दही दाखवले. ते शब्द पाहिलेल्यांना कोडी सुटणं अवघड गेलं. पण मध्ये थोडा वेळ जाऊ दिल्यावर मिळालेला फायदा त्यांनाच जास्त झाला. यातून मी घेतलेला धडा असा: विश्रांतीने कुठली नवी शक्ती येत नाही, जुनी चूक फिकी पडते. म्हणून अडकल्यावर तिथेच बसून डोकं खाजवत राहू नका. 'ज्ञान' हा शब्द एकदा डोक्यात शिरला की दर दहा सेकंदांनी तोच परत येतो, आणि दर वेळी आला की आणखी घट्ट होतो. अशा वेळी मी तो शब्द कागदावर लिहून त्याच्यावर रेघ मारते. लिहिला की तो लक्षात ठेवायची जबाबदारी संपते. मग उठून दुसरं काही काम करते आणि परत येताना शब्द वेगळ्या क्रमाने वाचते. शेवटचा आधी. हे फार साधं वाटेल, पण क्रम बदलला की पहिल्या शब्दाची पकड सुटते, आणि तिन्ही शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते बहुतेक वेळा पहिला शब्दच ठरवत असतो.

दुसरी गोष्ट, आतल्या आवाजाची. बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली लोकांना शब्दत्रयींच्या जोड्या दाखवल्या. एका त्रयीला खरोखर दुवा होता, दुसरीतले शब्द उगीच एकत्र आणलेले होते. उत्तर सापडलं नाही तरी दुवा कुठल्या त्रयीत आहे हे लोक नुसत्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर सांगू शकले. तेव्हा चौकटीतले चार शब्द 'एकत्र असावेत' असं वाटत असेल आणि कारण सांगता येत नसेल, तर ते वाटणं फेकून देऊ नका. बाजूला जपून ठेवा. फक्त त्याच्या भरवशावर गट टाकू नका, कारण रचणाराही हे वाटणं ओळखून असतो. याचा नमुना पुढे देते.

आता दुवे कोणकोणत्या प्रकारचे असतात ते पाहू. यादी पाठ करायची नाही. पण मराठीत दुवे कुठे लपतात हे ठाऊक असेल तर अडेल शब्द हातात धरून कुठे जायचं ते कळतं.

जोडशब्द हा सर्वांत सरळ प्रकार. दुवा कधी पुढे लागतो, कधी मागे. 'रंग, रण, जन्म' यांच्यामागे 'भूमी'. 'चित्र, जीवन, ताम्र' यांच्यामागे 'पट'. 'हंस, मार्ग, योग' यांच्यापुढे 'राज'. बहुतेकांना मागे जोडणं सहज जमतं आणि पुढे जोडणं सुचत नाही, म्हणून जोडशब्दाचा संशय आला की दोन्ही बाजूंनी करून पाहा. 'ताम्र' सारखा शब्द एकटा कधी फिरतच नाही. तो दिसला की समजावं, हा जोडशब्दातूनच तोडून आणलेला आहे.

क्रियापदाचा दुवा मात्र मराठीत फार श्रीमंत आहे आणि नेमका तोच सोडवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आपण दुवा म्हणून नाम शोधत बसतो. हे चार पाहा: भाव, मार, हवा, डोकं. किंमत, मारहाण, वारा, शरीर; अर्थाने एकमेकांशी काही संबंध नाही. पण चारही 'खाता' येतात. तसंच उडी, थाप, चक्कर, गप्पा: चारही 'मारता' येतात. शपथ, माघार, धाव, श्वास: चारही 'घेता' येतात. मराठीतली खाणे, मारणे, घेणे, घालणे, लावणे, काढणे, पडणे, बसणे, सुटणे ही क्रियापदं शेकडो नामांना धरून असतात. चार नामांत अर्थाचा धागा दिसत नसेल तर मी ही नऊ-दहा क्रियापदं ओळीने लावून बघते. अर्धा मिनिटही लागत नाही. या कामाचं जितकं फळ मिळालं तितकं दुसऱ्या कुठल्याच सवयीचं मिळालं नाही.

मग अनेकार्थी शब्द. यात दुवा म्हणजे एकच शब्द, आणि दिलेले शब्द म्हणजे त्याचे निरनिराळे अर्थ. 'डोंगर, नदी, आकार, बेत' यांचा दुवा 'घाट'. 'पाय, गाणं, बुद्धिबळ, सैन्य' यांचा 'चाल'. माझा स्वतःचा आवडता आहे 'पाऊस, मोती, गड, बरोबरी': पावसाची सर, मोत्यांचा सर, गड सर करणं, आणि एखाद्याची सर न येणं. यात लिंग बदलतं, नामाचं क्रियेत रूपांतर होतं, आणि तरी अक्षरं तीच राहतात. असा दुवा सापडतो तेव्हा होणारा आनंद वेगळाच असतो. आपली भाषा रोज तोंडात असून तिच्यात हे साठलेलं आहे हे त्या क्षणी दिसतं.

दिलेला शब्दच अनेकार्थी असला तर तो सापळा असतो. 'जलद' म्हणजे वेगाने, हे पहिलं मनात येतं. पण जल देणारा तो जलद, म्हणजे ढग. शेजारी 'मेघ, नीरद, अंबुद' असतील तर त्याचं घर तिकडे. आणि 'द' च्या जागी 'ज' आला की जलज, नीरज, अंबुज: पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ. एका अक्षराने आकाशातून तळ्यात. म्हणून शब्द वाचताना ओळखीच्या शब्दासारखा वाचू नका, अक्षर-अक्षर वाचा. ऱ्हस्व-दीर्घाकडेही तसंच लक्ष हवं. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' मुलगा, 'सूत' धागा. 'शिर' डोकं, 'शीर' रक्तवाहिनी. चांगला रचणारा वेलांटी उगीच देत नाही.

शेवटचा प्रकार अक्षरांचा. इथे अर्थाचा काही संबंधच नसतो. 'कडक, सरस, नयन, जहाज' हे चौघे एकत्र का? उलटे वाचा. देवनागरीत हे अक्षरागणिक तपासायचं: ज-हा-ज उलटं केलं तरी ज-हा-ज. आणि आता मघाशी म्हटलेला, वाटण्याचा फायदा घेणारा नमुना:

विचार, एकांत, आठवण, सातत्य

वाचताच वाटतं, हे एकत्र आहेत. मनाशी, चिंतनाशी, अभ्यासाशी काहीतरी नातं आहे. नेमकं काय ते मात्र सांगता येत नाही. 'मनाशी संबंधित' असं म्हणून गट टाकला तर या वेळी योगायोगाने बरोबरही येईल. पण चौकटीत 'कल्पना' आणि 'चिंता' हेही शब्द असले तर फसाल, कारण खरा दुवा वेगळाच आहे: वि-चार, एक-अंत, आठ-वण, सात-त्य. प्रत्येकात एक संख्या लपली आहे. ('एकांत' मध्ये संधी आहे, तरी 'एक' स्पष्ट दिसतो.) इथे एक कसोटी सांगते, ती मी कधीही सोडत नाही. दुवा एका वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि ते वाक्य चारही शब्दांना जसंच्या तसं लागू पडलं पाहिजे. 'प्रत्येकात संख्या दडली आहे' हे वाक्य चौघांना सारखं लागू होतं. 'मनाशी काहीतरी संबंध' हे वाक्य नाही, तो आपल्या मनाचा समज आहे. वाक्यात 'काहीतरी', 'साधारण', 'एक प्रकारे' असे शब्द आले की गट कच्चा समजा.

आता सोळा शब्दांच्या चौकटीकडे वळू. हा प्रकार आधी बीबीसीच्या 'ओन्ली कनेक्ट' या २००८ साली सुरू झालेल्या प्रश्नमंजूषेतल्या 'भिंत' या फेरीमुळे गाजला. जून २०२३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'कनेक्शन्स' हा रोजचा खेळ आणल्यावर तो जगभर पसरला. सोळा शब्द, चार-चारचे चार गट, आणि चार चुका झाल्या की खेळ संपला. तुमच्यासाठी एक चौकट बनवली आहे. पुढचं वाचण्याआधी पाच मिनिटं स्वतः प्रयत्न करा.

मूळ, पान, विमान, प्रहर
गुलाम, खोड, पळ, उपाय
साल, पिनाक, एक्का, फांदी
दुकान, शेंडा, हुकूम, घटका

पहिल्या नजरेत झाड उभं राहतं. मूळ, खोड, फांदी, शेंडा, पान, साल. सहा झाले. इथेच बहुतेकांचा हात घाई करतो: यातले चार उचलायचे आणि टाकायचे. सहातून चार निवडण्याचे पंधरा प्रकार आहेत आणि त्यातला एकच बरोबर. तेव्हा झाड दिसलं याचा आनंद माना आणि त्याला हात लावू नका. चार शब्द निघाले तर टाकावेत. पाच-सहा निघाले तर थांबावं.

त्याऐवजी अडेल शब्द बघा. 'पिनाक' म्हणजे शंकराचं धनुष्य. दुसरं शस्त्र चौकटीत नाही. 'दुकान' एकटं. 'उपाय' एकटा. 'विमान' आणि 'एक्का' ही दोन वाहनं म्हणता येतील, कारण एक्का म्हणजे एका घोड्याची गाडीही. पण तिसरं वाहन सापडत नाही. अर्थाने कुणाशीच न जुळणारे तीन-चार शब्द उरले की मी अर्थ सोडते आणि अक्षरांकडे वळते. दु-कान. वि-मान. उ-पाय. पि-नाक. शेवटी अवयव! वाक्य करून पाहा: 'प्रत्येक शब्दाच्या शेवटी शरीराचा एक अवयव आहे.' चौघांना लागू, पाचवा कुणी नाही. हा गट निर्धास्तपणे टाका.

बाराच राहिले. आता 'गुलाम' आणि 'हुकूम' राजदरबाराची आठवण करून देतात, पण 'एक्का' तिथे बसत नाही. एक्का हा इथला अडेल शब्द. तो पत्त्यांकडे नेतो: एक्का, गुलाम, हुकूम. तिघेच. चौथा कोण? पत्त्यांचं पान! तसंच 'घटका' आणि 'प्रहर' ही काळाची जुनी मापं. 'पळ' इथे पळणं नव्हे, साठ पळांची एक घटका होते ते माप; घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे पळ चोवीस सेकंदांचं. पुन्हा तिघेच. चौथं 'साल', झाडाची नव्हे, वर्ष या अर्थी. आणि मग झाडाला मूळ, खोड, फांदी, शेंडा हे चार आपोआप उरतात.

'पान' आणि 'साल' हे इथे दोन घरचे पाहुणे. मी ही चौकट रचताना सुरुवात त्यांच्यापासूनच केली. आधी दोन घरांत शोभणारे शब्द निवडले, मग त्यांच्याभोवती घरं बांधली. जवळपास प्रत्येक रचणारा असंच करतो. म्हणून सोडवणाऱ्याने 'या शब्दाला दुसरं घर आहे का' हा प्रश्न प्रत्येक शब्दाला विचारायला हवा. त्याहून उपयोगी म्हणजे रिकाम्या जागा मोजणं. कुठल्या घरात तिघे आहेत आणि चौथ्याची वाट पाहताहेत? तीन शब्दांचं घर दिसलं की चौथा जास्त भरलेल्या घरातून येणार. झाडात सहा, पत्त्यांत तीन, काळात तीन. हिशेब मांडला की कोण कुठे जाणार ते स्पष्ट होतं.

अंदाजाबद्दल तुम्ही विचारलंत, त्याला आकडेच उत्तर देतात. सोळा शब्दांचे चार-चारचे चार गट एकूण २६,२७,६२५ प्रकारे पाडता येतात. एक गट बरोबर सुटला की उरलेल्या बारांचे ५,७७५ प्रकार उरतात. दोन सुटले की ३५. तिसरा सुटला की चौथा फुकट. म्हणजे पहिल्या पक्क्या गटाने जेवढं काम होतं तेवढं कशानेच होत नाही, आणि तोच गट अंदाजावर सोडणं सर्वांत महागात पडतं. चुकांची मुभा सुरुवातीला उधळू नका; शेवटच्या आठ शब्दांसाठी राखून ठेवा. तिथे अंदाज करायला हरकत नाही, कारण तोवर संशयाचे शब्द दोन-तीनच उरलेले असतात.

एक चूक मात्र कामाची ठरू शकते. बऱ्याच खेळांत चौघांपैकी तीन बरोबर असतील तर 'एक चुकला' असं कळतं. समजा तुम्ही मूळ, फांदी, शेंडा, पान टाकलं आणि तसा निरोप आला. लगेच पानाच्या जागी साल टाकू नका. चारपैकी कुणीही चुकीचा असू शकतो आणि बदली उमेदवार दोन आहेत, खोड आणि साल. म्हणजे आठ शक्यता. निरोप मिळाला की हात मागे घ्या आणि त्या चौघांपैकी दुसरं घर कुणाला आहे तेवढंच पाहा. मूळ, फांदी, शेंडा यांना या चौकटीत दुसरं घर नाही. पानाला आहे. मग खोड आणि साल यांना तोच प्रश्न. सालाला घर आहे, खोडाला नाही. झालं, आठातून एक उरला. घाईने दुसरी चूक करणारे लोक हा निरोप वाया घालवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

'कनेक्शन्स'मध्ये गटांना अवघडपणाप्रमाणे रंग असतात, पिवळा सोपा आणि जांभळा सर्वांत अवघड. जांभळ्यात बहुधा अक्षरांची किंवा गाळलेल्या शब्दाची गंमत असते. आपल्या मराठी चौकटीतला अवयवांचा गट त्याच जातीचा. तो शेवटी उरू द्यावा असं बरेच जण सांगतात. मी उलट म्हणेन: उरला तर उरू द्या, पण त्याचे शब्द आधीच बाजूला काढता आले तर बाकीची चौकट केवढी स्वच्छ होते ते वर पाहिलंतच.

सरावाचं विचाराल तर जास्त कोडी सोडवण्यापेक्षा थोडी रचा. आठवड्याला एक पुरे. एक साधा शब्द घ्या, 'धार', 'तार', 'वर', 'मान', आणि त्याचे सगळे अर्थ, जोडशब्द, वाक्प्रचार कागदावर मांडा. पहिले सहा-सात भराभर येतील. मग हात थांबेल. त्या थांबण्यानंतर येणारे दोन-तीन हेच खरे कमावलेले, कारण कोड्यात दुवे तिथूनच येतात. मग शब्दकोश उघडून काय सुटलं ते बघा. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' यासाठी मला फार उपयोगी पडला. एकेका शब्दाखाली अर्थ ओळीने क्रमांक देऊन मांडलेले आहेत आणि म्हणी-वाक्प्रचारही तिथेच मिळतात. शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या शब्दाचे अनोळखी अर्थ वाचणं कितीतरी उपयोगाचं. नव्या शब्दांमुळे कोडी क्वचितच अडतात. जुन्या शब्दाचा चौथा अर्थ न आठवल्यामुळे रोज अडतात.

उत्तर कधी पाहावं? दिवस संपेपर्यंत नाही, असं मी म्हणेन, आणि तेही दोनदा परत येऊन गेल्यावर. पहिल्यांदा अडलात तेव्हा नाही, कारण तेव्हा चुकीचा शब्द अजून ताजा असतो. पाहाल तेव्हा नुसतं पाहून पुढे जाऊ नका. कोणत्या शब्दाने फसवलं आणि त्याचा कोणता अर्थ तुम्ही धरून बसला होतात ते वहीत एका ओळीत लिहा. माझ्या वहीत अशा ओळी वर्षानुवर्षं साठल्या आहेत: 'हवा: खाणे सुचलं नाही.' 'पळ: क्रियापद समजले.' 'सर: फक्त पाऊस दिसला.' महिन्याभराने तुमच्या ओळी एकत्र वाचा. तुम्ही नेहमी नाम शोधता आणि क्रियापद सोडता का, शब्द पुढे जोडून पाहत नाही का, ऱ्हस्व-दीर्घावरून नजर घसरते का, ते तिथे तुमच्याच अक्षरात दिसेल. पुढच्या कोड्यात पहिली तपासणी त्याचीच करा.